चार दिवसांआड

आमच्या विडी घरकुलात पाणी चार दिवसांआड येतं,
तेही रात्री दोन-अडीचला,
व्हॉल्व्ह सोडणाऱ्याच्या मर्जीनं.
नळ आधी खोकतो.
तो खोकला मला झोपेतही ऐकू येतो,
यांना येत नाही.
एकतीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली,
कान तिकडंच राहिले.
मी खांदा हलवते : उठा, नीळ्ळू.

दिवसा आम्ही ओरडून बोलतो.
शेजारच्या मेरगूबाईला वाटतं, भांडण चाललंय.
निम्म्या वेळेला असतंही.
लाईटबिल भरलं का, एवढंच विचारायचं असतं,
पण मोठ्यानं विचारलं की त्याचा आरोप होतो,
आणि हळू विचारून उपयोग नाही.
काही वाक्यं हळूच बोलायची असतात,
ती राहूनच गेली.
आज लई थकलात का हो,
हे कुणी ओरडून म्हणतं का?

मागाच्या खडखडाटात हे ओठ वाचायला शिकले.
माझेही वाचतात.
पण मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
हजार विड्या व्हायच्या म्हटल्यावर
मान वर होते कुठं!
समोर येऊन बसतात थोडा वेळ,
चहा संपवतात,
उठून जातात.

कारखान्यात चेकर कट्टा उचलतो, दाबून बघतो,
छाट काढतो.
ही सैल. हिचं तोंड नीट मुडपलं नाही.
छाटीचे पैसे नाहीत, छाट परतही मिळत नाही.
मी रिकामं सूप घेऊन घरी येते
आणि चेकर होते.
यांनी आणलेली वांगी, छाट.
पगार लांबला त्या दिवशीचं यांचं हसणं,
छाट.

मागच्या मे महिन्यात अशोक चौकातून
सायकलवर कुल्फी आणली यांनी,
टॉवेलच्या चिंध्यांत गुंडाळून.
ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं.
घरी पोचली ती काडी, आणि काडीला थोडंसं.
त्याच दुपारी धाकटीच्या कॉलेजची फी कळली होती.
मी म्हणलं, किती गेले याचे?
यांनी बोटं दाखवली. चार. मग मूठ.
चिंध्या मी धुऊन टाकल्या.
दोन दिवस गोड वास होता मोरीत.
मी कुणाला सांगितलं नाही.

तर, रात्रीचं पाणी.
लेक-सून आतल्या खोलीत, नातू उंबऱ्याशी,
म्हणून दिवा लावायचा नाही.
अंधारात ओठ दिसत नाहीत.
हे पाईप धरतात, मी भांडी सरकवते.
ड्रम भरत आला की मनगटावर एकदा टिचकी,
पाईप उचला.
दोनदा, घागरीत सोडा.
तीनदा, थांबा, पोरगं कूस बदलतंय.
कधी ठरवलं नव्हतं हे.
तीन खोक्यांच्या खोलीत दिवसभर
एकमेकांना ओलांडून जाणारी आम्ही,
इथं मोरीच्या कट्ट्यावर
गुडघ्याला गुडघा लागून बसतो.
यांच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास,
माझ्या बोटांना तंबाखूचा,
आणि पाण्याला क्लोरिनचा.

परवा सगळं भरलं.
ड्रम, घागरी, कुकरसुद्धा.
पाणी अजून चालूच होतं.
मी उगीच यांच्या मनगटावर एक टिचकी मारली.
हे अंधारात चाचपायला लागले,
काय राहिलं, काय राहिलं.
मी सांगितलं नाही.
हसू येत होतं, ते यांना दिसणार नव्हतं.
शेवटी देवातला तांब्या घेऊन आले.
तो भरला.
मग पुन्हा एक टिचकी.
या वेळी ती यांनी मारली.

सकाळी नेहमीसारखंच.
लाईटबिल, मी ओरडले. हेही ओरडले.
मेरगूबाईनं खिडकी लावून घेतली.
फक्त मी सूप मांडीवर घेताना
तोंड जरा दाराकडं केलं,
उजेड पडेल असं.